लाईन गेली तरी लॉग टिकले पाहिजेत: तालुक्याच्या गावात आरसिसलॉगची मांडणी

वणी, वरुड, हिंगणघाट, अहेरी अशा गावांत पतसंस्था, जिनिंग किंवा बाजार समितीत एखादा छोटा लिनक्स सर्व्हर असतो आणि त्याचे लॉग (मशीनवर काय घडलं त्याच्या नोंदी) नागपूर-अमरावतीच्या मुख्य सर्व्हरकडे पाठवायचे असतात. हे काम आरसिसलॉग नावाचा प्रोग्राम करतो. आरसिसलॉग हळू चालतो अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी प्रोसेसर आणि रॅम बघतात. तिथे सहसा काही सापडत नाही, कारण सेकंदाला वीस-पन्नास ओळींचं काम दहा वर्षं जुनं मशीनही आरामात करतं. आरसिसलॉग रखडतो तो कशाची तरी वाट बघत थांबल्यामुळे: तुटलेल्या नेटची, उत्तर न देणाऱ्या डीएनएसची (आयपी पत्ता आणि नाव यांची जोडी सांगणारी सेवा), भरलेल्या डिस्कची. आपल्याकडे नेट आणि लाईन दोन्हींचा भरवसा कमी, म्हणून मांडणीही तोच हिशेब धरून करावी लागते.

खाली आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची.

आधी आवृत्ती, मग मोजमाप

आरसिसलॉगडी या आज्ञेला उणे-व्ही देऊन आवृत्ती बघा. ८.२२०४.१ च्या आधीची असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी अपडेट करा. त्याआधीच्या आवृत्त्यांत टीसीपीवरून (जोडणी करून डेटा पाठवण्याची पद्धत) संदेश घेणाऱ्या मॉड्यूलमध्ये मेमरी ओव्हरफ्लोची गंभीर चूक होती (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२२-२४९०३). उबंटू, डेबियन, रेड हॅट यांनी जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती घालून पॅकेज दिलेलं असू शकतं, म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका, पॅकेजचा चेंजलॉगही वाचा. डेबियन १२ पासून आरसिसलॉग आपोआप बसत नाही, फक्त जर्नलडी (लिनक्सचा स्वतःचा लॉग साठवणारा भाग) असतो. तिथे आरसिसलॉग आणि आरसिसलॉग-रेल्प (पोच घेत लॉग पाठवण्याच्या रेल्प पद्धतीसाठी) ही पॅकेजं हातानं टाकावी लागतात. टीएलएस (वाटेतला डेटा कुलूपबंद करणारी पद्धत) साध्या टीसीपीवरून चालवणार असाल तर आरसिसलॉग-जीएनयूटीएलएसही लागेल.

मग आरसिसलॉगचे स्वतःचे आकडे देणारं इम्पस्टॅट्स मॉड्यूल लावा. इंटरव्हल मुळात ३०० सेकंद असतो, तो ६० करा. लॉग.सिसलॉग ऑफ करून लॉग.फाइलमध्ये वेगळ्या फाइलचा पत्ता द्या. नाहीतर हे आकडेही लॉगच्याच रांगेतून (पाठवायचे संदेश जिथे थांबतात) जाणार, आणि रांग तुंबली की नेमके तेव्हाच आकडे दिसेनासे होणार. या फाइलमध्ये प्रत्येक रांगेसाठी एक ओळ येते. त्यात साइझ म्हणजे आत्ता रांगेत किती संदेश आहेत, मॅक्सक्यूसाइझ म्हणजे आजवर कमाल किती साचले, फुल म्हणजे रांग किती वेळा भरली, आणि डिस्कार्डेड.फुल म्हणजे जागा नसल्यामुळे किती संदेश फेकले गेले. फुल आणि डिस्कार्डेड.फुल शून्य असतील तर तुमच्याकडे वेगाचा प्रश्नच नाही. एक आठवडा हे आकडे साठू द्या आणि मगच बाकीच्या सेटिंगला हात लावा. जिनिंगमध्ये असाल तर हा आठवडा कापसाच्या हंगामातला निवडा. पावसाळ्यात धर्मकाट्याचा पीसी बंद असतानाचे आकडे काही कामाचे नाहीत.

पुढे पाठवणाऱ्या ॲक्शनला स्वतःची रांग

सगळ्यात जास्त लॉग हरवतात ते इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मुख्य सर्व्हरकडे पाठवणारी ॲक्शन (संदेशाचं काय करायचं ते सांगणारा नियम) लिहिताना तिला वेगळी रांग दिली नाही, तर ती मुख्य रांगेतूनच थेट काम करते. ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट मुळात ० असतं. म्हणजे नेट तुटलं की त्या ॲक्शनसाठीचे संदेश सरळ टाकून दिले जातात. कुठे ठळक एरर नाही, स्थानिक फाइल नीट भरते, आणि मुख्य कार्यालयात मात्र रात्रीचे चार तास कोरे. हे कळल्यावर लोक कुठेतरी वाचून तो आकडा उणे १ करतात, म्हणजे कायम प्रयत्न करत राहा. पण रांग देत नाहीत. मग आणखी वाईट होतं. ती एक ॲक्शन अडकली की मुख्य रांग अडकते आणि स्थानिक फाइलमध्ये लिहिणंही थांबतं. सिस्टमडी (सेवा चालवणारी नवी यंत्रणा, जर्नलडी तिचाच भाग) नसलेल्या जुन्या मशीनवर तर एसएसएचचं, म्हणजे दुरून केलेलं, लॉगिनसुद्धा लटकतं, कारण लॉगिनची नोंद घ्यायला कोणी मोकळं नसतं. आजच्या उबंटूवर मध्ये जर्नलडी असल्यामुळे मशीन लटकत नाही, पण जर्नलमध्ये 'फॉरवर्डिंग टू सिसलॉग मिस्ड' अशी ओळ येते. ती दिसली की समजा, तेवढे संदेश आरसिसलॉगपर्यंत पोचलेच नाहीत.

उपाय असा. त्या ॲक्शनमध्ये क्यू.टाइप लिंक्डलिस्ट द्या. क्यू.फाइलनेममध्ये एक नाव द्या, म्हणजे मेमरीतली रांग गरज पडली की डिस्कवर उतरते. प्रत्येक ॲक्शनचं हे नाव वेगळं हवं. कॉपी-पेस्ट करताना दोन ॲक्शनना एकच नाव राहिलं तर दोन्ही रांगांच्या फाइल एकमेकींत मिसळून खराब होतात. क्यू.सेव्हऑनशटडाउन ऑन, आणि रिझ्यूमरिट्रायकाउंट उणे १. ग्लोबल या विभागातली वर्कडिरेक्टरी (रांगेच्या फाइलचा फोल्डर) ठरवलेली हवी आणि त्या फोल्डरची मालकी आरसिसलॉग ज्या युजरने चालतो त्याच्याकडे हवी. उबंटूवर तो युजर सिसलॉग असतो. मालकी चुकली तर रांग डिस्कवर उतरतच नाही, आणि नेट तुटेपर्यंत हे तुम्हाला कळत नाही.

क्यू.मॅक्सडिस्कस्पेस किती ठेवायचं हे गणिताने ठरवा. सेकंदाला २० ओळी, एक ओळ सरासरी २५० बाइट, म्हणजे सेकंदाला ५,००० बाइट, दिवसाला सुमारे ४३२ एमबी. डिस्कच्या रांगेत प्रत्येक संदेशासोबत वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता वगैरे माहितीही साठते, म्हणून तिपटीने धरा: दिवसाला सुमारे १.३ जीबी. दिवाळीत कार्यालय चार दिवस बंद आणि त्यात फायबर तुटली, तर सव्वापाच जीबी लागतील. ६ जीबी द्या. मात्र ज्या पार्टिशनवर पतसंस्थेचा डेटाबेस आहे त्यावर ही रांग ठेवू नका. लॉगने डिस्क भरून डेटाबेस बंद पडला तर शाखेचा व्यवहारच थांबेल.

आता लाईन जाण्याचा प्रश्न. डिस्कला जोडलेल्या रांगेतसुद्धा हायवॉटरमार्कपर्यंतचे संदेश मेमरीतच असतात, आणि ही मर्यादा मुळात क्यू.साइझच्या ९० टक्के असते. कोणी 'मोठी रांग चांगली' म्हणून क्यू.साइझ १०,००० केली तर ९,००० संदेश मेमरीत राहतात. सेकंदाला २० ओळी धरल्या तर हे साडेसात मिनिटांचे लॉग झाले, आणि लाईन गेली की ते गेले. म्हणून क्यू.साइझ १०,००० ठेवली तरी क्यू.हायवॉटरमार्क ५०० आणि क्यू.लोवॉटरमार्क १०० असं हातानं लिहा. मग मेमरीतल्या रांगेचं नुकसान सुमारे २५ सेकंदांचं. इथे थोडा वेग जातो, डिस्कवर लिहिणं वाढतं. इतक्या कमी ओळींना ते जाणवत नाही.

दुसरी गोष्ट, क्यू.चेकपॉइंटइंटरव्हल. हे मुळात ० असतं, म्हणजे रांगेची अनुक्रमणिका असलेली क्यूआय फाइल सेवा नीट बंद होतानाच लिहिली जाते. यूपीएस संपून मशीन धाडकन बंद झालं तर रांगेच्या फाइल डिस्कवर असतात, पण अनुक्रमणिका नसल्याने आरसिसलॉग त्या उचलत नाही. १०० ठेवा. मग फार तर शंभरेक संदेशांचा घोळ होतो: काही मुख्य सर्व्हरकडे दोनदा जातील, शेवटचे काही हरवू शकतात. दोनदा आलेली ओळ गाळता येते, न आलेली शोधता येत नाही. आधीच अशा अनाथ फाइल पडल्या असतील तर आरसिसलॉगच्या सोर्समधल्या टूल्स फोल्डरमध्ये 'रिकव्हर-क्यूआय' नावाची पर्ल स्क्रिप्ट आहे, ती क्यूआय फाइल पुन्हा बनवून देते. क्यू.सिंकक्यूफाइल्स ऑन केलं तर सुरक्षितता आणखी वाढते, पण प्रत्येक वेळी डिस्कला थांबावं लागतं. हार्डडिस्कवर हे टाळा, एसएसडीवर चालेल.

यूपीएसला यूएसबीची तार असेल तर ती सर्व्हरला लावा आणि एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट बंद होईल. ही तार बहुतेक ठिकाणी यूपीएसच्या खोक्यातच पडून असते.

नेट परत आल्यावरही लॉग लगेच जात नसतील तर घाबरून सेवा रिस्टार्ट करू नका. पुन्हा प्रयत्न करण्याचं अंतर ३० सेकंदांपासून वाढत जातं आणि कमाल १,८०० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासापर्यंत पोचतं. ॲक्शन.रिझ्यूमइंटरव्हलमॅक्स ६० केलं की मिनिटाभरात प्रवाह सुरू होतो.

संदेश घेणारी बाजू

ग्लोबलमध्ये नेट.इनेबलडीएनएस ऑफ करा. ते ऑन असताना आरसिसलॉग पाठवणाऱ्या प्रत्येक आयपीचं नाव डीएनएसला विचारतो. गावातला राऊटर डीएनएससाठी बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून असतो. नेट गेलं की हे प्रश्न टाइमआउट होईपर्यंत लटकतात, आणि त्याच खोलीतल्या कॅमेऱ्याचे लॉगसुद्धा अडतात. एका ओळीच्या बदलात इतका फरक दुसऱ्या कुठल्याच सेटिंगने पडत नाही.

सीसीटीव्हीचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा), स्वस्त राऊटर, स्विच यांना बहुधा फक्त यूडीपीने, ५१४ या पोर्टवर पाठवता येतं. यूडीपीत पोचपावती नाही आणि पाठवणाऱ्याचा आयपी खोटा लिहिता येतो. म्हणून हे संदेश लॅनमध्येच, शाखेच्या सर्व्हरवर घ्या आणि तिथून पुढे रेल्पने पाठवा. यूडीपी इंटरनेटवरून थेट नागपूरला पाठवायचं नाही. सकाळी लाईन आल्यावर सगळी उपकरणं एकदम सुरू होतात आणि एकदम बोलतात. तेव्हा कर्नलचा बफर भरून पॅकेट पडतात. नेटस्टॅट उणे-एसयू मध्ये 'रिसीव्ह बफर एरर्स' वाढत असतील तर नेट.कोर.आरमेम_मॅक्स (मुळात २,१२,९९२ बाइट) ४ एमबी करा आणि आयएमयूडीपीच्या इनपुटमध्ये आरसीव्हीबफसाइझ १ एमबी द्या. आकडा वाढत नसेल तर याला हात लावायची गरज नाही.

ओळी गळण्याचं आणखी एक कारण म्हणजे दर-मर्यादा. जर्नलडी मुळात एका सेवेकडून ३० सेकंदांत १०,००० ओळींची मर्यादा धरतो (डिस्कवर मोकळी जागा भरपूर असेल तर ती वाढते). रेड हॅट घराण्यात जर्नलमधून ओळी वाचणारं आयएमजर्नल मॉड्यूल वापरतात, तिथे ६०० सेकंदांत २०,००० ही मर्यादा. या मर्यादा काढून टाकू नका. एखाद्या सॉफ्टवेअरचं डीबग चालू राहिलं तर त्याच तुमची डिस्क वाचवतात. त्याऐवजी बडबड करणारी सेवा शोधा, तिचं डीबग बंद करा, आणि तेही जमत नसेल तर प्रोग्रामनेम बरोबर अमुक असेल तर स्टॉप असा नियम सगळ्यात वर ठेवा. नियमात शक्यतो थेट बरोबरीची तुलना वापरा. रेग्युलर एक्स्प्रेशन प्रत्येक ओळीवर चालतं आणि सगळ्यात महाग पडतं. ऑथ आणि ऑथप्रिव्ह (लॉगिनच्या नोंदी) मात्र कधीही गाळायचे नाहीत, कितीही गोंगाट असला तरी.

फाइलवर लिहिणं

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एसडी कार्डात लॉग लिहिणं म्हणजे कार्डाचं आयुष्य कापणं. यूएसबीवर छोटी एसएसडी लावा. फाइलवर लिहिणाऱ्या ओएमफाइल मॉड्यूलचं आयओबफरसाइझ मुळात ४ केबी असतं, ते ६४ केबी करा, असिंकरायटिंग ऑन आणि फ्लशइंटरव्हल काही सेकंदांचा. लाईन गेली तर तेवढ्या सेकंदांच्या ओळी फाइलमधून जातील. म्हणून ऑथच्या फाइलला ही सवलत देऊ नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेला रास्पबेरी पाय ४ हा ८० अंशांला पोचून स्वतःचा वेग कमी करतो. जिनिंगमध्ये पंख्यात रुई बसते. दर महिन्याला ब्लोअर मारणं हाही देखभालीचाच भाग.

प्रत्येक उपकरणासाठी वेगळी फाइल बनवत असाल तर डायनाफाइलकॅशसाइझ बघा. मुळात १० आहे. २५ उपकरणं असतील तर आरसिसलॉग सतत फाइल उघडत-मिटत बसतो. उपकरणांच्या संख्येपेक्षा थोडं जास्त, म्हणजे ३० ठेवा. फाइलचं नाव बनवताना होस्टनेम वापरू नका, ते पाठवणारा स्वतः लिहितो आणि काहीही लिहू शकतो. फ्रॉमहोस्ट-आयपी वापरा. होस्टनेम हवंच असेल तर त्याला सेकपाथ-रिप्लेस हा पर्याय जोडा, म्हणजे नावातल्या तिरक्या रेघा बदलल्या जातात आणि भलत्या फोल्डरमध्ये फाइल बनत नाही.

लॉगरोटेटने (जुने लॉग बाजूला काढणारा प्रोग्राम) फाइल बदलली की आरसिसलॉगला हप सिग्नल (फाइल पुन्हा उघडण्याचा इशारा) गेलाच पाहिजे. नाहीतर तो जुन्याच, नाव बदललेल्या किंवा पुसलेल्या फाइलमध्ये लिहीत राहतो. मोकळी जागा दाखवणारी डीएफ आज्ञा डिस्क भरली म्हणते, फाइलींची बेरीज करणाऱ्या डीयूला ती जागा सापडत नाही. एलएसओएफ अधिक-एल-१ चालवा, पुसलेली पण उघडी फाइल लगेच दिसेल. कॉपीट्रंकेटचा शॉर्टकट घेऊ नका, कॉपी आणि रिकामं करणं यांच्या मधल्या ओळी जातात.

टीएलएस आणि घड्याळ

साधं टीसीपी भरवशाचं वाटतं, पण कनेक्शन तुटताना पाठवण्याच्या बफरमधल्या ओळी गेल्याचं आरसिसलॉगला कळत नाही. रेल्पमध्ये समोरचा प्रत्येक संदेशाची पोच देतो, म्हणून वारंवार तुटणाऱ्या नेटवर पाठवायला ओएमरेल्प आणि घ्यायला आयएमरेल्पच वापरा. दोन्हीकडे टीएलएस ऑन, ऑथमोड नेम, आणि परमिटेडपीअरमध्ये समोरच्या सर्टिफिकेटवरचं नेमकं नाव. ओळख न तपासता नुसतं एन्क्रिप्शन ठेवलं तर मधला कोणीही सर्व्हर बनून लॉग घेऊ शकतो. सर्टिफिकेट बनवायला जीएनयूटीएलएसचं सर्टटूल पुरतं. सीएची (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याची) खाजगी किल्ली शाखेच्या कुठल्याही मशीनवर ठेवायची नाही, ती मशीनला न लावलेल्या पेनड्राइव्हवर, कपाटात. शाखेच्या किल्लीला ०६०० परवानगी.

यात एक बिघाड इथे हमखास दिसतो. रात्रभर लाईन नव्हती, सकाळी सर्व्हर सुरू झाला, नेट आहे, तरी टीएलएस जोडणी होत नाही आणि सर्टिफिकेट अजून वैध झालं नाही असा एरर येतो. कारण मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते आणि मशीनची तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. रास्पबेरी पाय ४ मध्ये तर घड्याळाची चिपच नसते. बॅटरी बदला, रास्पबेरी पायला आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल लावा, आणि वेळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्राममध्ये मेकस्टेप १.० ३ ठेवा, म्हणजे सुरुवातीला मोठा फरकही एका झटक्यात दुरुस्त होतो. वेळेचा सर्व्हर म्हणून एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) समय१ आणि समय२ किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर द्या. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत वेळ याच स्रोतांशी जुळवायला सांगितलं आहे. लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आणि ठरावीक प्रकारचे सायबर प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे, हेही त्याच निर्देशांत आहे. वरच्या हिशेबाने १८० दिवसांचे कच्चे लॉग ७८ जीबी होतात. दाबून ठेवले तर २५६ जीबीची एसएसडी भरपूर झाली.

मुख्य सर्व्हरच्या टेम्पलेटमध्ये टाइमरिपोर्टेड आणि टाइमजनरेटेड दोन्ही लिहा. पहिली पाठवणाऱ्याची वेळ, दुसरी संदेश पोचल्याची. एखाद्या एनव्हीआरचं घड्याळ चुकलेलं असलं तरी घटनांचा क्रम लावता येतो.

दारं बंद करणं

६५१४ किंवा रेल्पसाठी निवडलेला पोर्ट फक्त शाखांच्या पत्त्यांना उघडा, ५१४ फक्त लॅनला. फाइलक्रिएटमोड ०६४० आणि गट एडीएम. ऑथ लॉग सगळ्यांना वाचता येणं धोक्याचं आहे, कारण घाईत लोक युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात आणि तो तसाच नोंदला जातो. शाखेच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये आधार क्रमांक पडतात का हे एकदा ग्रेपने शोधा: सलग १२ अंक, आणि चार-चारच्या गटांतलेही. सापडले तर दुरुस्ती सॉफ्टवेअर देणाऱ्याकडूनच करून घ्या. कंट्रोल कॅरेक्टर बदलण्याची सोय मुळात चालू असते, ती बंद करू नका. नाहीतर पाठवणारा नवी ओळ घुसवून खोट्या नोंदी तयार करू शकतो.

लॉग वेगळ्या डिस्कवर हलवले आणि फाइलच बनत नसेल तर उबंटूवर ॲपआर्मरचा (प्रोग्रामला कुठे लिहिता येईल हे ठरवणारं कुंपण) नकार बघा. ॲपआर्मर.डी मधल्या लोकल फोल्डरमधल्या आरसिसलॉगडीच्या फाइलमध्ये नवा पत्ता जोडावा लागतो. रेड हॅट घराण्यात नेहमीपेक्षा वेगळा पोर्ट घेतला तर सेमॅनेज या आज्ञेने तो एसईलिनक्समध्ये (तिथलं तसंच कुंपण) नोंदवा. 'चालत नाही म्हणून एसईलिनक्स बंद' हा सल्ला ऐकू नका.

सिसलॉग-एनजी (आरसिसलॉगसारखाच दुसरा प्रोग्राम) वापरत असाल तर तत्त्वं हीच, नावं वेगळी: यूज-डीएनएस नो, डिस्क-बफरमध्ये रिलायबल येस, आणि लॉग पाथवर फ्लो-कंट्रोल.

तार उपटून चाचणी

बदल केल्यावर आरसिसलॉगडी उणे-कॅपिटल-एन-१ ने फाइल तपासा, मग रिस्टार्ट. आता राऊटरमागची वॅनची (बाहेरच्या नेटची) तार काढा आणि लूप लावून लॉगर या आज्ञेने १ ते ५,००० क्रमांक लिहिलेल्या ओळी पाठवा. वर्कडिरेक्टरीत रांगेच्या फाइल दिसल्या पाहिजेत. न दिसल्यास फोल्डरची मालकी किंवा ॲपआर्मर. पाठवणं चालू असतानाच सर्व्हरचा प्लग काढा, हो, तसाच. मात्र हे डेटाबेस नसलेल्या मशीनवर किंवा बॅकअप घेऊन शाखा बंद झाल्यावर करा. शेवटची ओळ कितव्या क्रमांकाची गेली होती ते प्लग काढण्याआधी बघून ठेवा. मशीन सुरू करा, तार लावा, दोन मिनिटं थांबा आणि मुख्य सर्व्हरवर क्रमांक मोजा. शेवटचे पाच-सहाशेपर्यंत क्रमांक गायब असतील तर ठीक. जवळपास सगळेच क्रमांक गायब असतील तर चेकपॉइंटइंटरव्हल लागू झालेलं नाही. काही क्रमांक दोनदा आले तरी चालतील.